प्राणिसंग्रहालयं आणि दुर्मिळ प्राण्यांचं रक्षण : सहलीनंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालना जिल्ह्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. दर हिवाळ्यात आमची सहल एसटीनं वेरूळ, दौलताबाद करत दुपारी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयात पोचते. लेण्यांपुढं मुलं गप्प असतात, वाघापुढं मात्र त्यांच्या प्रश्नांना सुरुवात होते, आणि गाडी बदनापूर ओलांडून गेली तरी ते संपत नाहीत. नंतर पालकही विचारतात. वर्षानुवर्षं तेच प्रश्न येत असल्यानं उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

पिंजऱ्यात ठेवून प्राणी वाचतात, हे खरं आहे का?

पिंजऱ्यात ठेवल्यानं तो एक प्राणी वाचतो. त्याची जात वाचतेच असं नाही. जात वाचवायची तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात : बंदिवासात निरोगी, वेगवेगळ्या रक्ताची पिल्लं जन्मावीत, ज्या कारणानं प्राणी नाहीसा झाला ते कारण बाहेर दूर व्हावं, आणि परत सोडायला जागा शिल्लक असावी.

अरबी ओरिक्सचं उदाहरण मी नेहमी देतो. वाळवंटातलं हे पांढरं, लांब शिंगांचं हरीण १९७२च्या सुमारास जंगलातून पूर्ण संपलं. पण त्याआधी दहा वर्षं काही मोजकी जनावरं पकडून अमेरिकेतल्या फिनिक्स प्राणिसंग्रहालयात कळप उभा केला होता. त्याच वंशातली जनावरं १९८२मध्ये ओमानच्या वाळवंटात सोडली. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढं मात्र चोरट्या शिकारीमुळे ओमानमधला तो कळप पुन्हा घटत गेला, राखीव क्षेत्र कापलं गेलं आणि २००७मध्ये युनेस्कोनं ते जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकलं. संग्रहालयानं आपलं काम चोख केलं होतं, जमीन सांभाळणाऱ्यांना ते जमलं नाही. इतर देशांत ओरिक्स आज जंगलात आहे, तो फिनिक्सच्या कळपासारख्या जपून ठेवलेल्या जनावरांमुळेच.

आमच्या गावची गिधाडं कुठं गेली? ती प्राणिसंग्रहालयातून परत आणता येतील का?

हा प्रश्न आजोबा मंडळी विचारतात, आणि मला सगळ्यांत जवळचा वाटतो. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या. संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा उरायचा. आजच्या मुलांनी हे कधी पाहिलेलं नाही.

नव्वदच्या दशकात गिधाडं झपाट्यानं मरू लागली. पांढऱ्या पाठीचं गिधाड तर पंधरा वर्षांत हजारात एखादं उरलं. आधी रोगाची शंका होती. कारण २००३-०४मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून कळलं : डायक्लोफिनॅक. लंगडणाऱ्या, ताप आलेल्या जनावराला आपण जे वेदनाशामक टोचत होतो तेच. औषध दिल्यावर जनावर लवकर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होत.

इथं बंदिवासातले पक्षी कसे उपयोगी पडले ते नीट समजून घ्या. डायक्लोफिनॅक बंद करायचं म्हटलं तर शेतकऱ्याच्या हाती दुसरं औषध द्यायला हवं होतं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही, हे आधी दक्षिण आफ्रिकेतल्या आणि मग भारतातल्या बंदिवासातल्या गिधाडांवर तपासून पाहिलं. त्या चाचण्यांमुळे पर्याय मिळाला, आणि २००६मध्ये भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. २०२३मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवर आली, पुढं निमेसुलाइडवरही.

दुसरं काम पैदाशीचं. हरियाणातल्या पिंजोरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तिथल्या वन विभागानं केंद्र उभं केलं. भोपाळच्या वनविहारात आणि हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातही अशी केंद्रं आहेत. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि वयात यायला पिल्लाला पाचेक वर्षं लागतात, त्यामुळे घाई चालत नाही. पिंजोरच्या लोकांनी एक युक्ती वापरली. पहिलं अंडं अलगद काढून उबवणी यंत्रात ठेवायचं. घरटं रिकामं दिसलं की जोडी पुष्कळदा दुसरं अंडं घालते.

जानेवारी २०२४मध्ये पिंजोरची २० गिधाडं ताडोबा आणि पेंच इथं आणली आणि काही महिने मोठ्या जाळीघरात ठेवून सोडली. पाठीवर ट्रान्समीटर असलेलं त्यातलं एक थेट तामिळनाडूपर्यंत उडत गेलं. काही मेलीही, हे लपवण्यात अर्थ नाही. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला खाणं शोधणं आणि विजेच्या तारा ओळखणं बाहेरच शिकावं लागतं.

मराठवाड्यात ती कधी स्थिरावतील की नाही, ते गुरांच्या डॉक्टरच्या पिशवीवर ठरेल. गाय-बैल आजारी पडला तर मेलॉक्सिकॅम मागा. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकची बाटली जनावराला टोचणं हा आजही सगळ्यात मोठा धोका आहे. म्हणूनच २०१५मध्ये त्या बाटलीचा आकार ३ मिलीलिटरवर आणला.

सिद्धार्थ उद्यानात वाघांची इतकी पिल्लं होतात. म्हणजे वाघ वाचतोय ना?

पिल्लं होतात हे खरं. डिसेंबर २०२०मध्ये समृद्धी वाघिणीला एकाच वेळी पाच बछडे झाले, तेव्हा शहरभर पेढे वाटावेत असा आनंद होता. इथले वाघ बाहेरही गेले. मुंबईच्या राणीच्या बागेतली शक्ती आणि करिश्मा ही जोडी २०२०मध्ये इथूनच गेली. वाघ ठेवायची आणि वाढवायची हातोटी इथल्या कामगारांकडे आहे, त्याचं मला मनापासून कौतुक आहे.

पण वाघ पिंजऱ्यात सहज पैदास करणारा प्राणी आहे. त्याची अडचण जन्माची नाही, जागेची आहे. जंगलातल्या वाघांची संख्या या बछड्यांनी एकानंही वाढत नाही. त्यांचा खरा उपयोग हा, की दुसऱ्या शहराला वाघ हवा असेल तर जंगलातला पकडावा लागत नाही. सर्कशीच्या आणि संस्थानांच्या काळात जंगलातलेच पकडत. तो रस्ता बंद झाला, हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. जास्त बछडे म्हणजे जास्त रक्षण, असा हिशोब मात्र मांडू नका. जागा अपुरी असेल तर जास्त बछडे म्हणजे जास्त दाटी. महापालिकेनं मिटमिट्याला शंभर एकरांवर सफारी पार्क हाती घेतला आहे, तो त्यासाठीच गरजेचा आहे.

मग यातला एखादा वाघ गौताळा अभयारण्यात का सोडत नाहीत?

दरवर्षी एक तरी मुलगा हे विचारतोच, आणि प्रश्न हुशारीचा आहे.

संग्रहालयातल्या वाघानं शिकार कधी केलेली नसते. मांस ठरल्या वेळी, ठरल्या दारातून येतं. बहुतेक ठिकाणी आठवड्यात एक दिवस उपासही ठरलेला असतो. माणसाचा आवाज, बादलीचा खडखडाट याचा अर्थ त्याच्या लेखी जेवण. असा वाघ कन्नडच्या घाटात सोडला तर भूक लागल्यावर तो सांबर शोधणार नाही, वस्ती शोधेल. शेवट त्याच्यासाठी वाईट आणि माणसांसाठीही.

तुम्ही म्हणाल, पन्नात सोडले होते की. २००९मध्ये पन्ना व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नव्हता. तिथं इतर जंगलांतून वाघ आणले, आणि २०११मध्ये कान्हातल्या दोन अनाथ बहिणीही सोडल्या. त्या बंदिस्त आवारात वाढल्या होत्या, पण ते आवार जंगलातलं होतं, आत जिवंत शिकार होती आणि माणसांची सावली शक्य तितकी दूर ठेवली होती. दोघींनाही पुढं पिल्लं झाली. जन्म जंगलातला आणि वाढवणारे ध्येयानं वेडे, तेव्हा हे जमलं. तिकीट काढून लोक बघतात त्या वाघाचं ते काम नाही.

आणि गौताळ्याला वाघ पाठवावा लागलाच नाही. २०२१मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक वाघ आपल्या पायांनी तिथं आला. त्याआधी २०१९मध्ये टिपेश्वरचाच एक वाघ गळ्यात पट्टा घेऊन आदिलाबाद, नांदेड, हिंगोली असा वळसा घालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. डिसेंबर २०२४मध्ये एक धाराशिवच्या येडशी रामलिंग घाटात प्रकटला. ओढ्याकाठची झाडी, तुरीची शेतं आणि पडीक रानं यांतून त्यांनी वाट काढली. त्या वाटा राहिल्या तर वाघ येतील.

पांढरा वाघ सगळ्यात दुर्मिळ, म्हणजे त्याला सगळ्यात जास्त जपायला हवं?

नाही. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. आपल्याच वाघाच्या एका जनुकातल्या बदलामुळे तांबूस रंग तयार होत नाही, इतकंच. १९५१मध्ये रेवाच्या महाराजांनी पकडलेल्या मोहन नावाच्या पांढऱ्या बछड्यापासून बंदिवासातल्या पांढऱ्या वाघांचा वंश मुख्यतः चालला. पांढरी पिल्लं मिळावीत म्हणून मोहनची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात पैदास होत राहिली. तिरळे डोळे आणि इतर व्यंगं याच वंशात ठळक दिसतात. गर्दी खेचायला तो उपयोगी असेल, वाघांच्या रक्षणात त्याचा वाटा नाही. त्याला उत्तम सांभाळावं, पण मुद्दाम वाढवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जवळच्या नात्यात पैदास होऊ नये म्हणून काय करतात?

आपल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. लाल कंधारी किंवा देवणीचा एकच वळू वर्षानुवर्षं एकाच कळपात ठेवला तर वासरं कशी निघतात ते कंधार-उदगीरकडच्या कुणालाही विचारा. म्हणून वळू बाहेरगावचा आणतात.

संग्रहालयात हेच काम स्टडबुक करतं. भाटाच्या वहीत जशी घराण्याची पिढीवार नोंद असते, तशी प्रत्येक प्राण्याची नोंद : आई कोण, बाप कोण, जन्म कुठं, मूळ पकडलेल्या प्राण्यापासून कितवी पिढी. कातडीखाली तांदळाएवढी चिप बसवतात, म्हणजे नाव बदललं, गाव बदललं तरी ओळख पुसत नाही. मग कुणाची सोयरीक कुणाशी, हे या नोंदीवर ठरतं. एका शहराचा नर दुसऱ्या शहराला जातो तो बहुतेकदा म्हणूनच, भेटीदाखल नाही.

सगळ्यावर देखरेख केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची. ते १९९२मध्ये स्थापन झालं. त्याच्या मान्यतेशिवाय देशात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. त्यानं संवर्धनासाठी पैदास करायच्या प्राण्यांची यादी ठरवली आहे आणि प्रत्येक प्राण्याची जबाबदारी ठरावीक संग्रहालयांवर दिली आहे. दार्जिलिंगकडे लाल पांडा, जुनागढच्या सक्करबागेकडे सिंह, ओडिशाच्या नंदनकाननकडे सुसरींतली घडियाल. घडियालची बंदिवासातली पैदास पहिल्यांदा जमली ती नंदनकाननमध्येच, १९८०मध्ये, आणि तिच्यासाठी नर आणला होता थेट जर्मनीच्या फ्रँकफर्ट प्राणिसंग्रहालयातून. भारताची सुसर वाचवायला जर्मनीतून नवरदेव आला, हे सांगितलं की मुलं फार खूश होतात.

प्राणिसंग्रहालयात संशोधन होतं म्हणजे नेमकं काय होतं?

नांदेडकरांना हैदराबाद जवळचं, म्हणून तिथलंच सांगतो. पेशी आणि रेणूंचा अभ्यास करणाऱ्या सीसीएमबी या संस्थेची लॅकोन्स नावाची प्रयोगशाळा तिथं आहे. दुर्मिळ प्राण्यांचं वीर्य, ऊती आणि डीएनए ती अतिथंड नळकांड्यांत जपून ठेवते. २००६मध्ये तिथं कृत्रिम रेतनातून चितळाचं पाडस जन्मलं, त्याचं नाव स्पॉटी. आपल्याकडे म्हशीला जे रोज होतं ते रानातल्या हरणात जमवणं सोपं नाही. मादी माजावर कधी आहे हेच कळत नाही, आणि पकडायला जावं तर धास्तीनं जनावर मरू शकतं. म्हणून लेंड्या गोळा करून त्यातली संप्रेरकं मोजायची पद्धत बसवली. हात न लावता कळतं, मादी गाभण आहे का, प्राणी तणावात आहे का. ही पद्धत पिंजऱ्यात तपासून घेतली की जंगलात उचललेल्या लेंडीवरही चालते.

याच लॅकोन्स आणि नेहरू प्राणिसंग्रहालयानं २०१०मध्ये पिसोरीवर काम सुरू केलं. पिसोरी म्हणजे सशापेक्षा थोडं मोठं, ठिपक्यांचं, बिनशिंगी हरीण. इतकं लाजरं, की रानात राहणाऱ्यांनीही क्वचित पाहिलेलं. सात वर्षांनी, मार्च २०१७मध्ये, तिथं जन्मलेल्या पिसोऱ्या नल्लमलाच्या जंगलातल्या अमराबाद व्याघ्र प्रकल्पात सोडल्या, आधी कुंपणातल्या रानात सवय करून मगच. प्राणिसंग्रहालयानं काय करावं, याचं हे मला सापडलेलं सगळ्यात सुबक उदाहरण.

मे २०२१मध्ये त्याच संग्रहालयातले आठ सिंह कोरोनाबाधित निघाले. नाका-घशातले नमुने लॅकोन्सनं तपासले, सिंह बरे झाले, आणि देशभरच्या संग्रहालयांना कामगारांपासून प्राण्यांना कसं जपायचं याचा धडा मिळाला.

याचा आमच्या गावात काय उपयोग?

डिसेंबर २०१९मध्ये संभाजीनगरच्या सिडको एन-१ भागात बिबट्या शिरला, तेव्हा त्याला बेशुद्ध करून पकडलं. बिबट्याला किती औषध द्यायचं? कमी पडलं तर चवताळतो, जास्त झालं तर मरतो. हे जंगलात चाचपडत शिकता येत नाही. झायलाझिन आणि केटामाइन यांच्या ज्या मिश्रणानं जगभर रानटी जनावरं बेशुद्ध करतात, त्याचं नावच म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयावरून पडलं आहे, कारण ते तिथं तयार झालं. गोदाकाठच्या उसात बिबट्या अडकतो आणि डॉक्टर नळीतून फुंकर मारून सुई सोडतात, त्यामागं कुठल्या तरी पिंजऱ्याजवळ लिहिलेली वही असते.

माळढोक अशानं वाचेल का?

प्रयत्न चालू आहे. राजस्थानात जैसलमेरजवळ २०१९पासून रानातली अंडी आणून, उबवून माळढोक वाढवत आहेत. ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू निघालं. ही पैदास केंद्रं म्हणजे संग्रहालयं नाहीत, तिथं लोकांना आत सोडत नाहीत, पण विद्या तीच.

आपल्या शेजारचं नान्नज एके काळी माळढोकसाठी ओळखलं जायचं. माळरान म्हणजे पडीक, काही कामाचं नसलेलं रान, ही आपली समजूत त्या पक्ष्याच्या मुळावर आली. नांगर फिरला, विजेच्या तारा आल्या. माळढोक जड असतो, उडताना त्याला समोरचं नीट दिसत नाही, आणि तारेला धडकून मरतो. उद्या जैसलमेरहून पक्षी मिळाले, तर धाराशिव-सोलापूरच्या पट्ट्यात त्यांना उतरायला कुसळी गवताचं, बिनतारेचं सलग माळरान दाखवा, असं कुणी म्हटलं तर आपण कुठं बोट दाखवणार? मला या प्रश्नानं झोप लागत नाही.

शेतात पाडस किंवा बिबट्याचं पिल्लू सापडलं तर प्राणिसंग्रहालयात द्यायचं का?

नाही. हात लावू नका. हरणी पाडसाला गवतात दडवून चरायला जाते, ते टाकून दिलेलं नसतं. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली तर वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. जुन्नरकडे अशी पिल्लं खोक्यात घालून रात्री त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाते. जखमी प्राण्यासाठी उपचार केंद्रं असतात. बीड जिल्ह्यात तागडगावला सर्पराज्ञी हे असंच केंद्र आहे. तिथं बरं करून परत सोडणं हा हेतू असतो. संग्रहालय हा शेवटचा पर्याय, आणि तिथं गेलेलं जनावर बहुधा परत येत नाही.

पोपट, कासव घरी पाळून संवर्धन होत नाही का?

होत नाही, आणि तो गुन्हा आहे. आपला हिरवा पोपट आणि चांदणी कासव दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

बिबट्या पिंजऱ्यात सारख्या फेऱ्या मारतो. त्याला त्रास होतो का?

हो. एकाच रेषेवर तासन्‌तास येरझारा घालणं हे कोंडल्याचं लक्षण आहे, व्यायाम नाही. चांगल्या संग्रहालयात यावर उपाय करतात : मांस लपवून ठेवायचं, ओंडके बदलायचे, नवे वास आणायचे, चढायला उंच माचाण द्यायचं, लोकांच्या नजरेआड बसायला आडोसा द्यायचा. हत्तीला हे कितीही केलं तरी पुरत नाही, म्हणून प्राधिकरणानं २००९मध्ये हत्ती संग्रहालयांतून हलवायला सांगितलं. तो निर्णय मला योग्य वाटतो. सगळेच प्राणी ठेवण्याजोगे नसतात, हे मान्य करणारं संग्रहालयच विश्वासाचं.

जाळीवर चप्पल आपटणं, खडे मारणं, शिट्ट्या मारणं यानं येरझारा वाढतात. कायद्यानंही ते निषिद्ध आहे. तुमच्या शेजारचा माणूस करत असेल तर त्याला थांबवा.

सहलीला मुलांना नेलं तर त्यांना काय दाखवावं?

सगळं दाखवू नका. आम्ही पूर्वी रांगेत सगळे पिंजरे उरकायचो, आणि मुलांना फक्त आइस्क्रीम आठवायचं. आता प्रत्येकानं एकच प्राणी निवडायचा, वीस मिनिटं बसायचं आणि दिसेल ते लिहायचं. पाटीवरची माहिती उतरवायची नाही.

गेल्या खेपेला सातवीतली एक मुलगी काळविटापाशी बसली. तिनं लिहिलं : नर डोळ्यापुढची भेग उघडतो आणि तारेच्या त्याच टोकाला पुन्हा पुन्हा घासतो. मी सांगितलं, तिथं ग्रंथी असते, तिचा वास लावून तो आपली हद्द आखतो. तिनं विचारलं, आमच्या हरभऱ्यात येणारी काळविटंही असंच करत असतील का? पुढच्या रविवारी ती वडिलांबरोबर शेतात गेली आणि सोमवारी वहीत चित्र काढून आणलं. बांधावरच्या बोरीची काडी, जमिनीपासून तिच्या कमरेएवढी उंच, आणि टोकाला काळा, चिकट ठिपका.